नाटककार-शिक्षक ब्रायन अर्विन ‘लॉयलिस्ट’ पक्षाचे नेते झाले, त्यातील निष्ठा नेमकी कोणाशी?

पाठांतर (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि वर्गातील मुलांकडून दरवर्षी एखादी एकांकिका किंवा अभिवाचन बसवून घेते. यंदा ‘शिक्षक असलेले नाटककार’ हा विषय आम्ही घेतला आहे. सुरुवात अर्थातच आचार्य अत्रे यांच्यापासून झाली, कारण शाळेचे मुख्याध्यापक, नाटककार, संपादक आणि १९५७ नंतर आमदार असा प्रवास करणारा दुसरा माणूस मुलांना माहीत नव्हता. मराठीबाहेरचे एखादे उदाहरण शोधताना माझ्या एका विद्यार्थ्याला बेलफास्टच्या ब्रायन अर्विन यांची माहिती मिळाली. ते नाटककार आणि शिक्षक होते, २०१० मध्ये उत्तर आयर्लंडमधील प्रोग्रेसिव्ह युनियनिस्ट पक्षाचे नेते झाले आणि जेमतेम वर्षभर त्या पदावर राहिले.

त्या विद्यार्थ्याने टिपणात ‘ते निष्ठावंत पक्षाचे नेते होते’ असे लिहिले आणि तेथेच आमची वाट चुकली. आपल्याकडे निष्ठावंत म्हटले की तिकीट नाकारले गेले तरी पक्ष न सोडणारा, सतरंज्या उचलण्यापासून सुरुवात केलेला कार्यकर्ता डोळ्यांसमोर येतो. मुलांनी तोच अर्थ घेतला आणि अर्विन हे कोणा मोठ्या नेत्याचे विश्वासू असावेत, असे गृहीत धरून अर्धे टिपण लिहून टाकले. मूळ शब्द ‘लॉयलिस्ट’ आहे, एवढे मला कळते; परंतु ती निष्ठा कोणाशी, हे मुलांना नीट समजावून सांगता येईल इतके माझे वाचन नाही.

दुसरी शंका मला अधिक अस्वस्थ करते. या पक्षाचे नाते एका सशस्त्र संघटनेशी होते, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. ज्याने आयुष्यभर मुलांना शिकवले आणि रंगभूमीसाठी लिहिले, त्या माणसाला अशा पक्षाचे नेतृत्व का स्वीकारावेसे वाटले असेल? मुलांसमोर त्यांना आदर्श म्हणून ठेवावे की नाही, हे मला ठरवता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भुईकोट

मी निवृत्त इतिहास शिक्षक आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे मागे जाऊन दिले तरच उपयोगाचे ठरेल.

‘लॉयलिस्ट’ माणसाची निष्ठा ब्रिटिश राजसत्तेशी आणि ब्रिटनबरोबरच्या एकीशी असते. आयर्लंडला स्वराज्य देण्याचा कायदा येऊ घातला, तेव्हा उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील प्रोटेस्टंट समाजाने त्याला कडाडून विरोध केला. २८ सप्टेंबर १९१२ रोजी आणि त्याच्या आसपास चार लाख सत्तर हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांनी त्या विरोधाच्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या आणि १९१३ च्या आरंभी अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स हे स्वयंसेवक दल उभे राहिले. पुढे आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनमध्येच राहिले. ही एकी टिकावी असे मानणारे सगळे ‘युनियनिस्ट’. पण त्यांच्यातील श्रमिक वस्त्यांतील, अधिक कडवी आणि काही वेळा शस्त्र हाती घेणारी जी धारा होती, तिला प्रामुख्याने ‘लॉयलिस्ट’ म्हटले गेले. म्हणून मुलांना या शब्दाचे भाषांतर करायला न सांगता तो तसाच ठेवायला सांगावे आणि एका वाक्यात त्याचा खुलासा द्यावा, असे मी सुचवेन. मराठीतल्या ‘निष्ठावंत’मध्ये व्यक्तीशी किंवा पक्षाशी बांधिलकी असते, येथे ती एका राज्याशी आहे. पण त्या राज्याच्या सरकारशी हे लोक कित्येकदा भांडलेले आहेत, आणि ही गुंतागुंत ‘राजनिष्ठ’ या शब्दानेही पुरती सांगता येत नाही. स्वातंत्र्य चळवळीमुळे आपल्या कानाला ‘राजनिष्ठ’ शब्दाला जो दूषणाचा वास येतो, तो तेथील लोकांच्या मनात नाही.

आता पक्षाविषयी. प्रोग्रेसिव्ह युनियनिस्ट पक्ष हे नाव १९७९ पासूनचे असून बेलफास्टच्या शँकिल रोड या प्रोटेस्टंट कामगार वस्तीतील नगरसेवक ह्यू स्मिथ हे त्याचे संस्थापक होते. जुन्याच स्वयंसेवक दलाचे नाव घेऊन १९६६ मध्ये जी नवी अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स ही गुप्त सशस्त्र संघटना पुढे आली, तिच्या विचारांना राजकीय वाट मिळवून देणारा हा पक्ष. संघटनेने केलेल्या हत्यांची संख्या चारशेहून अधिक आहे आणि त्यांत सामान्य कॅथलिक नागरिक मोठ्या प्रमाणावर होते. १७ मे १९७४ रोजी डब्लिन आणि मोनाहन येथे झालेल्या बॉम्बस्फोटांत ३३ माणसे मेली; त्याची जबाबदारी या संघटनेने १९९३ मध्ये स्वीकारली. हे सांगितल्याशिवाय अर्विन यांच्याबद्दल बोलणे मला प्रामाणिक वाटत नाही.

तथापि याच पक्षाने शांततेच्या बाजूने जे काम केले तेही तितकेच खरे आहे. ब्रायन यांचे बंधू डेव्हिड अर्विन यांना १९७४ मध्ये स्फोटके बाळगल्याबद्दल अटक झाली आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. तेथे गस्टी स्पेन्स या अल्स्टर व्हॉलंटियर फोर्सच्या जुन्या कैद्याच्या सहवासात वाचन आणि वाद घालण्याची शिस्त लागून ते बाहेर आले ते राजकारणाच्या मार्गाने जाण्याचा निश्चय करूनच. १३ ऑक्टोबर १९९४ रोजी लॉयलिस्ट संघटनांची शस्त्रसंधी स्पेन्स यांनीच जाहीर केली आणि त्या निवेदनात निरपराध बळींच्या आप्तांकडे पश्चात्ताप व्यक्त केला. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे या शांतता करारामागे हा पक्ष ठामपणे उभा राहिला आणि त्या वर्षी उत्तर आयर्लंडच्या असेंब्लीत, म्हणजे विधिमंडळात, त्याचे दोन सदस्य निवडून आले, पूर्व बेलफास्टमधून डेव्हिड अर्विन आणि उत्तर बेलफास्टमधून बिली हचिन्सन. ८ जानेवारी २००७ रोजी डेव्हिड यांचे अकाली निधन झाले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला शिन फेन या अखंड आयर्लंड मागणाऱ्या विरोधी पक्षाचे नेते गेरी ॲडम्स हजर होते. त्या शहराचा मागील तीस वर्षांचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला ही गोष्ट किती मोठी होती हे सांगावे लागत नाही.

तालीम

भुईकोट सरांनी इतिहास सांगितलाच आहे. मी नाटकाच्या बाजूने लिहितो. हौशी रंगभूमीवर मी बरीच वर्षे दिग्दर्शन केले आहे आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने हुतात्मा स्मृतिमंदिराच्या विंगेत अनेक रात्री काढल्या आहेत. माझे वडील जुन्या मिलमध्ये साच्यावर होते. पूर्व बेलफास्टविषयी वाचताना मला प्रत्येक वेळी आपल्या गिरण्यांचा परिसर आठवतो, तो उगाच नाही.

बेलफास्टच्या त्या भागाचा संसार हारलँड अँड वुल्फच्या जहाजबांधणी कारखान्यावर चालत असे. टायटॅनिक तेथेच बांधले गेले. एके काळी सुमारे ३५ हजार माणसे तेथे कामाला होती आणि बापाच्या मागे मुलगा त्याच कारखान्यात लागे. सोलापुरात १८७७ साली स्थापन झालेल्या जुन्या मिलच्या भोंग्यावर घरातील जेवणाच्या वेळा ठरत, तसेच तेथील गल्ल्यांचे जीवन कारखान्याच्या वेळापत्रकावर बेतलेले होते. मग कामे घटली. कारखाना आक्रसला की त्याच्याभोवतीच्या माणसांना आपण कोण, हे सांगायला दुसरे काहीतरी लागते. आपल्याकडे गिरणगाव विखुरला आणि पुष्कळांनी घरात यंत्रमाग टाकले, काही पुण्याला गेले. तेथे भिंतीवरच्या चित्रांना, मिरवणुकींच्या बॅंडला आणि पहिल्या महायुद्धातल्या आठवणींना अधिक वजन आले.

त्या आठवणींत सर्वांत मोठी सोम नदीकाठच्या लढाईची. १ जुलै १९१६ रोजी ३६ व्या अल्स्टर डिव्हिजनने जर्मन खंदकांवर हल्ला चढवला. त्या तुकडीत जुन्या स्वयंसेवक दलातील तरुण मोठ्या संख्येने होते. पहिल्या दोन दिवसांत साडेपाच हजारांच्या आसपास जवान ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. एकेका गल्लीतून कित्येक घरांत एकाच आठवड्यात तारा आल्या. ब्रायन अर्विन यांचे १९९४ चे नाटक याच लढाईविषयी आहे. त्याचे नाव ‘सोम डे मॉर्निंग’. कानाला ते ‘एखाद्या दिवशी सकाळी’ असे ऐकू येते, पण लिहिताना त्यात रणभूमीचे नाव आणि शोक हे दोन्ही शब्द आहेत. पाठांतर ताई, अनुवादाच्या तासाला हे शीर्षक मुलांपुढे अवश्य ठेवा. एका शब्दखेळातून भूतकाळातला शोक आणि उद्याची आशा दोन्ही ऐकू येतात आणि मराठीत ते उतरवायला बसले की भाषांतर म्हणजे काय हे मुलांना कळते.

आता आपली खरी शंका. शिक्षक आणि नाटककार अशा पक्षात का जातो? बार्शीचे शाहीर अमर शेख आठवून पाहा. गिरणीत राबलेला हा माणूस अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक घेऊन गावोगाव फिरला, कारण ज्यांच्यात तो वाढला त्यांचे म्हणणे त्याला त्यांच्याच बोलीत मांडायचे होते. कलावंताने पक्षात जाणे ही आपल्यालाही परकी गोष्ट नाही. पूर्व बेलफास्टमधील कामगार प्रोटेस्टंटांची तक्रार अशी होती, की बाहेरच्या जगाला ते फक्त ढोल वाजवणारे आणि दगड मारणारे म्हणून दिसतात. त्यांच्या मुलांपैकी फार थोडी उच्च शिक्षणापर्यंत पोहोचत. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची चांगल्या आणि दुय्यम शाळांत विभागणी करण्याच्या पद्धतीला या पक्षाचा विरोध होता. शिक्षकी पेशातील माणसाला हा पक्ष आपला वाटण्यामागे मला हे मोठे कारण दिसते. जो माणूस वर्गात रोज त्या मुलांसमोर उभा राहतो, त्याला त्यांच्या बापांच्या आणि आजोबांच्या कथा रंगमंचावर आणाव्याशा वाटणे आणि भाऊ गेल्यानंतर त्याच लोकांसाठी निवडणुकीला उभे राहावेसे वाटणे, यांत मला विसंगती दिसत नाही.

खुलाशाची विनंती

तालीम यांच्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे, आणि ही असहमती मुलांपर्यंत पोहोचावी अशी माझी इच्छा आहे.

ब्रायन अर्विन यांच्याकडे नेतृत्व आले ते कशामुळे, हे वरच्या दोन्ही उत्तरांत आलेले नाही. डेव्हिड अर्विन यांच्यानंतर डॉन पर्व्हिस या महिला नेत्या पक्षाच्या प्रमुख होत्या आणि असेंब्लीतील पक्षाची एकमेव जागा त्यांच्याकडे होती. २८ मे २०१० रोजी भर दिवसा शँकिल रोडवर, दुकाने उघडी असताना आणि माणसे रस्त्यावर असताना, बॉबी मॉफेट यांची गोळ्या घालून हत्या झाली आणि संशय अल्स्टर व्हॉलंटियर फोर्सवर आला. त्याआधीच्या वर्षी, जून २००९ मध्ये, अल्स्टर व्हॉलंटियर फोर्सने आपली शस्त्रे निकामी केल्याचे जाहीर केले होते. पर्व्हिस यांनी जूनच्या पहिल्याच आठवड्यात नेतेपद आणि पक्ष दोन्ही सोडले, कारण अशा संघटनेशी असलेल्या नात्याचे समर्थन करणे त्यांना शक्य राहिले नाही. पुढे सप्टेंबरमध्ये सशस्त्र संघटनांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र देखरेख आयोगानेही ही हत्या संघटनेच्या नेतृत्वाच्या संमतीने झाल्याचा निष्कर्ष काढला. ज्या वर्षी एका नेत्या विवेकाला स्मरून बाहेर पडल्या, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ब्रायन अर्विन यांनी ती खुर्ची स्वीकारली.

मी त्यांच्या हेतूवर संशय घेत नाही. परंतु आपल्या माणसांचे दुःख मांडणे आणि त्या माणसांतील बंदूकधाऱ्यांच्या कृत्यांबद्दल जगाला उत्तर देणे, या दोन जबाबदाऱ्या एकाच खांद्यावर पेलतील असे समजणे हीच मोठी चूक होती, असे माझे मत आहे. जून २०११ मध्ये, म्हणजे त्यांच्याच कारकिर्दीत, पूर्व बेलफास्टमधील शॉर्ट स्ट्रँड या छोट्या कॅथलिक वस्तीवर रात्री हल्ले झाले, गोळीबार झाला, आणि त्यामागे पूर्व बेलफास्टमधील अल्स्टर व्हॉलंटियर फोर्सचेच लोक असल्याचे पोलिसांनी सांगितले. पक्षाच्या नेत्याचा शब्द ते ऐकत नव्हते. अमर शेख यांच्या मागे डफ होता, बंदूक नव्हती. म्हणून ती तुलना मला फार अपुरी वाटते. आपल्या शहरातले उदाहरणच घ्यायचे तर १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावे आपण आदराने घेतो, पण त्या नावावर उद्या कोणी गल्लीत दहशत माजवू लागला तर आपण त्याला हुतात्म्यांचा वारस म्हणणार नाही. सोमच्या जवानांचे नाव घेऊन १९६६ नंतर जे झाले, त्याविषयी हाच प्रश्न विचारायला हवा.

भुईकोट

आपला आक्षेप योग्य आहे आणि मॉफेट यांच्या हत्येचा उल्लेख माझ्याच उत्तरात यायला हवा होता. मी डेव्हिड यांच्यापाशी थांबलो, ही माझी चूक.

एक गोष्ट मात्र जोडतो. मे २०११ च्या असेंब्ली निवडणुकीत पूर्व बेलफास्टमध्ये ब्रायन अर्विन आणि पक्ष सोडून अपक्ष उभ्या राहिलेल्या डॉन पर्व्हिस, दोघेही पराभूत झाले. सहापैकी तीन जागा डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाने, दोन अलायन्स पक्षाने आणि एक अल्स्टर युनियनिस्ट पक्षाने घेतली. म्हणजे जो संबंध तोडून बाहेर पडला त्यालाही मतदारांनी स्वीकारले नाही आणि जो आत राहून सुधारू पाहत होता त्यालाही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये बिली हचिन्सन नेते झाले. त्या पराभवानंतर या पक्षाला असेंब्लीत पुन्हा जागा मिळालेली नाही. वस्तीचा आवाज म्हणवणाऱ्या पक्षाला वस्तीनेच मते का दिली नाहीत, हा प्रश्न मुलांना विचारण्यासारखा आहे. त्या भागातील सामान्य प्रोटेस्टंट कुटुंबांना ब्रिटनशी एकी हवी होती, पण शस्त्रधारी तरुणांशी नाते सांगणारा प्रतिनिधी नको होता, असे माझे वाचन आहे. मोठे युनियनिस्ट पक्ष त्यांना पहिली गोष्ट दुसरीशिवाय देत होते.

तालीम

‘खुलाशाची विनंती’ यांचे म्हणणे मी दोनदा वाचले. अमर शेख यांची तुलना मागे घेतो. परंतु नाटकाविषयी माझे मत कायम आहे, कारण नाटककाराने कोणासाठी लिहिले यावरून ते नाटक वाचू नये असे ठरवले तर आपल्या हाती फार थोडी नाटके उरतील.

बेलफास्टमधलेच आणखी एक उदाहरण ताईंच्या कामी येईल. सॅम थॉम्पसन हे जहाजबांधणी कारखान्यात रंगारी म्हणून राबलेले प्रोटेस्टंट गृहस्थ. कारखान्यातील धर्मद्वेषावर त्यांनी लिहिलेले नाटक शहरातील प्रतिष्ठित नाट्यसंस्थेच्या मंडळाने १९५९ मध्ये ऐनवेळी रोखले. पुढच्याच वर्षी जानेवारीत ते दुसऱ्या नाट्यगृहात लागले आणि कामगारांनी ते डोक्यावर घेतले. हे थॉम्पसनही पुढे निवडणुकीला उभे राहिले, पण नॉर्दर्न आयर्लंड लेबर पक्षाकडून, आणि हरले. त्याच श्रमिक शहरातून आलेले दोन नाटककार, दोघांनाही राजकारणात उतरावेसे वाटले आणि दोघांनी इतके वेगळे दरवाजे निवडले. माझ्या मते आपल्या अभिवाचनाचा गाभा येथे आहे. अर्विन यांना आदर्श ठरवायचे की दोषी, हा निवाडा मुलांवर न लादता या दोन दरवाजांसमोर त्यांना उभे करावे.

पाठांतर

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल वर्गात ही उत्तरे वाचून दाखवली आणि तासाची घंटा झाल्यावरही मुले उठली नाहीत.

टिपणातील ‘निष्ठावंत पक्ष’ हे शब्द काढून ‘ब्रिटनशी एकी मानणाऱ्या लॉयलिस्ट धारेतील पक्ष’ असे लिहिले आहे. संहितेची मांडणीही बदलली. आधी आम्ही अर्विन यांच्या नेतेपदापासून सुरुवात करणार होतो. आता पहिला प्रवेश १ जुलै १९१६ च्या सकाळचा आहे, त्यानंतर थॉम्पसन यांचे नाटक रोखले गेल्याचा प्रसंग आणि मग २०१०. मॉफेट यांच्या हत्येचे निवेदन कोणी करायचे यावर मुलांचा बराच वाद झाला. ज्या मुलाने पहिले चुकीचे टिपण लिहिले होते, तोच म्हणाला, की हे निवेदन अर्विन यांच्या तोंडी देऊ नये. डॉन पर्व्हिस यांची भूमिका करणाऱ्या मुलीने राजीनाम्याआधी ते करावे आणि अर्विन झालेल्या मुलाने ते शेजारी उभे राहून ऐकावे, मध्ये एक शब्दही बोलू नये. मला ते पटले. या प्रवेशाची तालीम शनिवारी दुपारी महाविद्यालयात आहे. तालीम सरांना आणि भुईकोट सरांना सवड असेल तर दोघांनीही यावे, अशी विनंती करते. ‘खुलाशाची विनंती’ हे सोलापुरात असतील तर त्यांनी आवर्जून यावे आणि मुलांना जे विचारायचे ते विचारावे.